चुन्याचं गाव

माझ्या हातून आयुष्यात एकच अख्खं गाव वसलं, आणि त्याच दिवशी दुपारी ते मलाच खराट्याने पुसावं लागलं. पुढे नोकरीत मी पूल बांधले, शाळा बांधल्या, एक पाण्याची टाकी बांधली, जी आजही किंचित पूर्वेकडे झुकून उभी आहे आणि जिच्याखालून जाताना मी अजूनही पावलं भरभर टाकतो. पण मी हे काम कुठे शिकलो असं कुणी विचारलं, तर मला कॉलेज आठवत नाही. आठवतो महानदीकाठचा एक भाठा, म्हणजे लाल मुरमाचा उंच उजाड माळ, त्यावर ओढलेल्या पांढऱ्या रेघा, आणि पदर कमरेला खोचून उन्हात उभी असलेली माझी कुसुमआत्या. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून माझी टिंगल करतात, त्यांना आणखी दारूगोळा कशाला द्या.

कुसुमआत्या ही बाबांची मोठी बहीण. लग्न का केलं नाही, हे तिला विचारायची छाती आमच्या घराण्यात कुणाचीच झाली नाही. ती राहायची आमच्याकडेच, शहरातल्या ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे ब्राह्मणांच्या वस्तीत. आमचं आणि काकांचं घर अगदी समोरासमोर, मध्ये एवढीशी गल्ली, की दोन्ही उंबऱ्यांवर जेवायला बसलं तर एकमेकांच्या ताटातलं लोणचं उचलता आलं असतं. सकाळी देवळातली घंटा वाजायची, पाठोपाठ दूधवाल्याच्या फटफटीचा आवाज, आणि त्याच्यावर ताण करत काकूचा आवाज. काकू ओले केस पाठीवर सोडून, कपबशी घेऊन दारात यायची आणि बाबांना दटावायची, “भाऊजी, पेपर मंग वाचा न! चहा थंडा होऊन राहिला. अन् साखर मागू नका, डॉक्टरनं काय सांगतलं ते मले पाठ हाय.” बाबा, म्हणजे तिचे मोठे दीर, कचेरीत चार माणसांवर डाफरणारे, इथे मुकाट्याने बिनसाखरेचा चहा प्यायचे. रविवारी गोळाभात व्हायचा, वर हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. त्याचा वास गल्ली ओलांडून गेला की काका न बोलावता ताट घेऊन हजर. सोमवारी उरलेला साधा भात रात्रभर पाण्यात ठेवून, दही आणि कांदा घालून, बासी म्हणून खायचा. पोटाने आम्ही अर्धे छत्तीसगढीच होतो. माझी धाकटी बहीण तर जिभेनेही गेली होती. आत्याने मराठीत हाक मारली की ती आतून ओरडायची, “आई बुआ, दो मिनट!” आत्या म्हणायची, “पाहा, पोट्टी आपली अन् भाषा शेजारच्याची.” आणि मग स्वतःच तिच्याशी हिंदीत बोलत बसायची.

हे समोरासमोरच्या दारांचं मुद्दाम सांगतोय. माझ्या गाढवपणाची मुळं तिथे आहेत.

आत्या एका संस्थेत होती. ऑफिस शंकर नगरला, स्कूटरवर जायची. कुठे पूर आला, आग लागली, की आधी बाकीचे लोक धावायचे. घोंगड्या वाटल्या जायच्या, पुरीभाजी वाटली जायची, फोटो निघायचे. ते सगळे परत आले की आत्या निघायची. “पूर ओसरते लवकर,” जेवताना ती सांगायची, “मंग ते लोक कसे राहून राहिले, हे पाहाले कोनी थांबत नाही.” मोडलेलं गाव पुन्हा कसं उभं करायचं याचा बेत करणं आणि पुढे तिथे परत परत जाऊन ते खरंच उभं राहिलं का हे तपासणं, हे तिचं काम. तपासायची पद्धत तिची तिची. घरं किती झाली हे तिने कधी आधी विचारलं नाही. ती अंगणं बघत हिंडायची. कुठे शेणसडा पडलाय, कुठे चुलीच्या वरची भिंत काळी झालीय, कुठे दोन घरांमध्ये पायवाट पडलीय. “सडा पडत नाही त्या घरात मानूस राहत नाही,” ती म्हणायची. “फक्त सामान राहते.” मी पुढे असल्या कामांचे भले जाडजूड अहवाल पाहिले, हल्ली तर आमचा भाचा आकाशातून काढलेले फोटो मोबाइलवर दाखवतो, पण त्या एका वाक्याच्या पलीकडे कुणी गेलेलं मला दिसलं नाही. अर्थात आत्याबद्दल मी निष्पक्ष नाही. तिचं कौतुक करायचं म्हणूनच हे प्रकरण लिहायला घेतलंय.

मी तेव्हा डिप्लोमाच्या मधल्या वर्षाला होतो आणि माझ्याकडे ड्रॉइंग बोर्ड होता. हा बोर्ड काखेत घेऊन मी अख्ख्या ब्राह्मणपाऱ्यातून चालत जायचो. दुसरा जवळचा रस्ता होता, पण त्या रस्त्यावर ओळखीचं कुणी राहत नव्हतं. आत्या मला “इंजिनेर साहेब” म्हणायची आणि मला त्यातला टोमणा कळायचा नाही. एक दिवस तिने विचारलं, “इंजिनेर साहेब, एका पाऱ्याचा नकाशा काढता का? फुकटात. भातावर.” मी हो म्हणेपर्यंत पेन्सिलीला टोक काढूनही झालं होतं.

त्या गावाचा खालचा पारा, म्हणजे नदीलगतची वस्ती, आधीच्या पावसाळ्यात पुराने नेला होता. मातीची घरं, बत्ताशासारखी विरघळली. तिथली कुटुंबं शाळेच्या व्हरांड्यात आणि माळावर प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली दिवस काढत होती. नवी वस्ती वर भाठ्यावर बांधायची हे ठरलं होतं. अडचण अशी, की पुढच्या पावसाळ्याआधी विटा आणि पत्रे एकाच गावापुरते मिळणार होते, आणि नदीपलीकडचं दुसरं गावही रांगेत होतं. वरच्या ऑफिसातले साहेब स्वतः पाहायला येणार. इथल्या लोकांचं घरांच्या मांडणीवर एकमत असेल तर ट्रक इथे रिकामे होणार. नसेल तर ते नदीपलीकडे जाणार, आणि ही माणसं आणखी एक पावसाळा ताडपत्रीखाली. पहिल्याच दिवशी आत्याने मला फुलबासनकडे नेलं. वयाने माझ्याएवढीच असेल, टोपलीत तान्हं मूल, वर फाटकी ताडपत्री. ती आत्याला एवढंच म्हणाली, “दीदी, ए बछर लइका ला पन्नी तरी नइ राखँव.” यंदा पोराला प्लास्टिकखाली ठेवणार नाही. विनवणी नव्हती त्यात. कुणी आपला निर्णय कळवावा तसं. आत्याने नुसती मान हलवली.

मग मी कामाला लागलो. माळावरच्या महुआखाली, म्हणजे मोहाच्या झाडाखाली, पुरुष मंडळी बसलेली असायची, त्यांना विचारून मी कोण कुणाचा भाऊ हे लिहून घेतलं. आणि मग मला ती थोर कल्पना सुचली. भाऊ-भाऊ समोरासमोर! आमच्यासारखे! दारात दार, मध्ये गल्ली, सकाळी चहा इकडून तिकडे. सरळ रेघेत घरं, एका बाजूला थोरले, दुसऱ्या बाजूला धाकटे. कागदावर ते इतकं देखणं दिसत होतं की मी खाली सही करून तिच्याखाली वळणदार रेघ ओढली. महुआखालच्या मंडळींना दाखवलं तर ते म्हणाले, “हव भैया, बने हे.” चांगलं आहे. त्यांनी कागद उलटा धरला होता, पण मी म्हटलं, तपशील.

आत्याने नकाशा बराच वेळ पाहिला. “कोनाले विचारलं?”

“सगळ्यांले.”

“सगळे म्हंजे?”

“सगळे म्हंजे... बसले होते ते.”

“हं,” आत्या म्हणाली. “चुना किती लागंल याचा हिशेब कर.”

ही तिची रीत होती. ती कुठलंही गाव आधी चुन्यात बांधायची. खऱ्या मापाने, खऱ्या जागेवर, जमिनीवर भिंतींच्या पांढऱ्या रेघा, दारापाशी रेघ तोडलेली. आणि मग सगळ्यांनी आपापली भांडीकुंडी घेऊन एक दिवस त्या घरात राहून दाखवायचं. स्वयंपाक करायचा, पाणी भरायचं, लेकरं झोपवायची. “कागदावर कोनाले चालता येते का?” ती म्हणायची. ऑफिसात याला हसायचे. साहेब येणार त्याच दिवशी तिने हा खेळ ठेवला तेव्हा तर बाबासुद्धा म्हणाले, “ताई, उगा धोका काहून घेतेस? नकाशा दाखव, सही घे.” आत्या म्हणाली, “सही मिळंल रे. पन राहील कोन?”

त्या सकाळचं मी काय वर्णन करू! मी टिनाच्या डब्याला भोकं पाडून चुना सांडत, दोरीवर, सरळ, सरळ, अगदी सरळ. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत गाव भरलं. बायका सुपं, पाण्याच्या गुंड्या, सरपण घेऊन आल्या. तीन दगडांच्या चुली पेटल्या. फुलबासनचा मोठा दीर बिसाहू आपल्या खोलीत जाऊन, म्हणजे दोन रेघांच्या मध्ये, डोक्याखाली हात घेऊन आडवा झाला. पोरं भिंतींवरून उड्या मारत होती आणि म्हाताऱ्या त्यांना भिंत पडेल म्हणून ओरडत होत्या. एक बकरी दोन घरांच्या सामायिक भिंतीत उभी राहून चुना हुंगत होती. साहेब जीपमधून उतरले, त्यांनी नकाशा पाहिला, माळ पाहिला, माझी पाठ थोपटली. “वेरी गुड. एकदम सीधा!” मी आत्याकडे पाहिलं. पण आत्या माझ्याकडे बघतच नव्हती. ती गल्लीकडे बघत होती.

गल्ली रिकामी होती. इतकी दारं, आणि एकाही दारात एकही बाई नाही. धाकट्यांच्या बाजूच्या सगळ्या बायका घराच्या मागच्या टोकाला अंग चोरून बसलेल्या. पाण्याला निघाल्या की मागच्या रेघेवरून, म्हणजे चक्क भिंतीतून, बाहेर पडायच्या, लांबचा वळसा घ्यायच्या. आणि समोरच्या ओळीत थोरले भाऊ आपापल्या दारात गल्लीकडे पाठ करून बसलेले, मान आखडलेली, ऊन थेट तोंडावर. माझ्या गावातले सगळे कर्ते पुरुष शिक्षा झाल्यासारखे भिंतीकडे तोंड करून होते.

“फुलबासन,” आत्याने हाक दिली, “भिंतीतून काहून जाऊन राहिली वो? दार कशाले ठेवलं?” आत्या चिडली की छत्तीसगढी विसरायची.

फुलबासनने डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला आणि हलकेच म्हणाली, “दुवारी म जेठ बइठे हे, दीदी. कइसे निकलँव?”

समोर दारात जेठ बसलाय, निघू कशी? जेठ म्हणजे मोठा दीर. त्याच्यासमोर धाकट्याच्या बायकोने तोंड दाखवायचं नाही, त्याने यायच्या आधी खाकरायचं, तिने बाजूला व्हायचं, हा तिथला रिवाज. आणि मी, ज्याच्या घरी काकू मोकळ्या केसांनी मोठ्या दिराची साखर बंद करते, मी या सगळ्या बायकांच्या दारासमोर जन्मभरासाठी एकेक जेठ बसवून ठेवला होता. सरळ रेघेत. बिसाहू उठून आला आणि तिच्याकडे न बघता, आभाळाकडे बघत आत्याला म्हणाला, “दीदी, मोरो मरन हे. मैं का जिनगी भर खखारत बइठे रहँव?” मी काय जन्मभर खाकरत बसू? आजूबाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि हसणं ओळीओळीने पसरत गेलं. माझे कान चुन्याच्या भट्टीसारखे तापले.

साहेबांना हे हसू आवडलं नाही. “मैडम, इन लोगों को मकान चाहिए भी या नहीं? उधर वाला गाँव तो तैयार बैठा है।”

“चाहिए, सर,” आत्या म्हणाली. “बस, ये वाला नहीं चाहिए।”

“मैं चाय तक रुकूँगा,” साहेब म्हणाले, “फिर मुझे उस पार जाना है।” आणि ते महुआच्या सावलीत जाऊन बसले. चहा उकळायला ठेवला होता. बायकांनी चूल जरा मंद केली हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आत्याने खराटा उचलून माझ्या हातात दिला. “पूस.”

मी पुसलं. मला वाटलं होतं आता बोलणी बसतील, म्हणून पुसता पुसताच म्हटलं, “आत्या, तुले आधीच दिसलं होतं न?”

“नाही रे बाबा,” ती म्हणाली. “मलेही नाही दिसलं. दिसलं असतं त चुना काहून सांडला असता?” इतक्या वर्षांत मी पुष्कळ मोठ्या साहेबांच्या हाताखाली काम केलं. आपल्याला दिसलं नाही, हे इतक्या आरामात सांगणारा एकही भेटला नाही.

मग ती जमिनीवर बसली, बायकांमध्ये, आणि फक्त विचारत गेली. कुणाचं दार कुणाला चालेल? कुणाचं आंगण कुणाला दिसलेलं बरं? मग फुलबासन उठली, तान्हं कडेवर, आणि तिने पायाच्या अंगठ्याने मुरमात एक रेघ ओढली. भाऊ समोर नकोत, शेजारी हवेत, दोघांच्या घरामागे एकच सामायिक परस, म्हणजे जावाजावांना मागून बोलता येईल. आणि समोर जेठ नसलेलं कुणाचंही दार. त्यानंतर मात्र जे सुरू झालं त्याला मी आवरू शकलो नाही. मी डिप्लोमाधारक, निदान निम्मा, चुन्याचा डबा घेऊन वाकलेला, आणि चहूकडून हुकूम: “एती भैया, एती!” “अरे ओती नइ, एती!” तिकडे नाही, इकडे. एक म्हणाली माझी सासू बहिरी आहे, तिची खाट गल्लीकडे हवी. दुसरीला महुआच्या बाजूला दार हवं, फुलं वेचायला. रेघ महुआला वळसा घालून गेली, मग एका खडकाला, मग कुणाच्या तरी हट्टाला. गल्ली बैल मुतत गेल्यासारखी वाकडी झाली. पण तिच्यात बाया उभ्या होत्या. दारादारांत, पदर जागेवर, हात कमरेवर, एकमेकींशी भांडत. बिसाहूने आपल्या नव्या दारात गल्लीकडे तोंड करून बसकण मारली आणि विडी पेटवली.

चहा उकळून उकळून काढा झाला होता. साहेब उठले. घड्याळ पाहत, जीपकडे जायच्या आधी निदान घोटभर पाणी मिळतंय का बघायला, ते माळावरून सरळ बायकांच्या दिशेने निघाले. आत्या उभी राहिली. मला तिच्या तोंडावरून कळलं, संपलं. आणि तेवढ्यात बिसाहूची आई, कमरेत वाकलेली म्हातारी, आपल्या चुलीपाशी बसल्या जागेवरून एकदम ओरडली, “ए बाबू! भिथिया ए, भिथिया! दुवारी ओ डहर हे!”

भिंत आहे ती. दार तिकडे आहे.

साहेबांचा उचललेला पाय तसाच राहिला. त्यांनी खाली पाहिलं. बुटापुढे चुन्याची रेघ. जीपचा ड्रायव्हरसुद्धा विडी विझवून बघत राहिला. साहेबांनी पाय मागे घेतला. मग ते वळले, म्हातारीच्या घराच्या कोपऱ्याला वळसा घालून, सामायिक भिंतीच्या कडेकडेने, वाकड्या गल्लीतून चालत चालत आले, आणि जिथे फुलबासनच्या दारासाठी रेघ तुटली होती तिथे थांबले. आणि खाकरले.

फुलबासनने पदर सारखा केला, लोटा भरला आणि दारात नेऊन दिला. साहेबांनी उभ्याने सगळा लोटा संपवला, तो परत दिला आणि आत्याला विचारलं, “ट्रक गाँव तक आ जाता है, या सामान नीचे उतारना पड़ेगा?”

आत्या यावर काय म्हणाली ते मला सांगता येत नाही, कारण मी तेव्हा चुन्याचा डबा तोंडापुढे धरून दुसरीकडे बघत होतो, आणि नंतर सांगितलं की डोळ्यांत चुना गेला. तिने त्यावर विश्वास ठेवल्यासारखं दाखवलं. नदीपलीकडच्या गावाचं मात्र ती विसरली नाही. परतीच्या बसमध्येच तिने तिथल्यासाठी किती चुना लागेल हे मला विचारलं, आणि या वेळी आधी कुणाकुणाला विचारायचं, हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

विटा यायला थोडे दिवस गेले. मधल्या काळात एकदा वाऱ्याचं वादळ झालं, गुरं माळावरून गेली, चुना पार उडून गेला. मी ट्रक आल्याची बातमी सांगायला रस्त्यावरून धावत भाठ्यावर आलो तेव्हा माळ कोरा होता, लाल मुरूम, एकही रेघ नाही. पलीकडे ताडपत्रीपाशी आत्या आणि फुलबासन बोलत उभ्या होत्या. दोन बायका डोक्यावर हंडे घेऊन तळ्याकडून येत होत्या, माळाच्या बरोबर मधून. एका जागी येऊन त्या वळल्या, थोडं चालून पुन्हा वळल्या, महुआला वळसा घातला आणि पुढे गेल्या. त्यांच्या मागून एक म्हातारा आला, तोही तिथेच वळला. मी सरळ पळत गेलो असतो तर क्षणात आत्यापाशी पोचलो असतो. ट्रक उभा होता, ड्रायव्हर घाई करत होता. पण म्हातारीच्या कोपऱ्यापाशी माझे पाय आपोआप वळले, आणि मी त्या मोकळ्या माळावर, धापा टाकत, भिंतीभिंतींच्या कडेने गल्लीतून धावत गेलो.